अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या जहाजाचा माग कसा काढायचा: नवख्यांसाठी पायऱ्या

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या (१७७५ ते १७८३) एखाद्या जहाजाचं नाव तुमच्यासमोर आलंय आणि त्याचं पुढे काय झालं हे शोधायचंय, अशांसाठी हा लेख आहे. तुम्ही इतिहासाचे विद्यार्थी असाल, जहाजांच्या प्रतिकृती बनवत असाल किंवा मराठीत यावर लिहायच्या तयारीत असाल. सुरुवातीला बहुतेक जण एकाच जागी चुकतात. ते नाव शोधखिडकीत टाकतात आणि जे समोर येतं ते आपलंच जहाज समजून पुढे जातात. या युद्धात जहाजं सतत पकडली जात होती, विकली जात होती, त्यांची नावं बदलली जात होती. त्यामुळे नाव हा सगळ्यांत कच्चा पुरावा आहे. पक्का पुरावा म्हणजे तारीख, ठिकाण, कप्तान आणि टनेज (मापांवरून काढलेला जहाजाच्या आकाराचा आकडा) या चार गोष्टी एकाच नोंदीत जुळणं.

पायऱ्या समजायला सोप्या जाव्यात म्हणून ‘हॅनकॉक’ हे एकच जहाज शेवटपर्यंत वापरलं आहे. ते तीन देशांच्या झेंड्यांखाली वावरलं.

आधी जमवायच्या गोष्टी

- एक साधी स्प्रेडशीट. रकाने: नोंदीतली तारीख, आपल्या हिशेबाने तारीख, ठिकाण, कप्तान, झेंडा, तोफा, टनेज, नोंद कुठे सापडली.
- अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचा खोली दाखवणारा सागरी नकाशा. त्यावर डेलावेअर व चेसापीक उपसागरांची तोंडं, न्यूयॉर्क, बोस्टन, हॅलिफॅक्स आणि वेस्ट इंडीज बेटं ठळक करून घ्या.
- अमेरिकन नौदलाच्या इतिहास विभागाने १९६४ पासून छापलेल्या ‘नेव्हल डॉक्युमेंट्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ या मालेचे खंड. पीडीएफ फुकट मिळतात. तेराव्या खंडापर्यंत ही माला ऑगस्ट १७७८ पर्यंतच पोहोचते, हे लक्षात ठेवा. त्यानंतरच्या घटनांसाठी मूळ कागदांकडेच जावं लागतं.
- लंडनमधल्या क्यू इथे ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार आहे. त्याची सूची घरबसल्या पाहता येते. अ‍ॅडमिरल्टीच्या (ब्रिटिश आरमाराच्या खात्याच्या) कागदांचा संकेत ‘एडीएम’, अ‍ॅडमिरल्टी उच्च न्यायालयाच्या कागदांचा ‘एचसीए’. इथे ते देवनागरीत दिले आहेत, शोधताना इंग्रजी अक्षरांत टाका.
- प्रत्यक्ष क्यूला जाणार असाल तर वाचककार्ड. ते मोफत मिळतं, पण ओळखीचा आणि पत्त्याचा असे दोन पुरावे लागतात. वाचनकक्षात पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढता येतात, म्हणून तिथे बसून उतरवण्यात वेळ घालवू नका. कागद आधीच मागवून ठेवा, भराभर फोटो घ्या आणि घरी येऊन निवांत वाचा.

१. जहाज कोणाच्या खात्यातलं, ते आधी ठरवा

‘अमेरिकन जहाज’ एवढ्यावर काम भागत नाही. अमेरिकेच्या बाजूने निदान चार प्रकारची जहाजं समुद्रात होती आणि प्रत्येकाचे कागद वेगळ्या जागी आहेत.

काँग्रेसचं, म्हणजे बंड केलेल्या अमेरिकन वसाहतींच्या मध्यवर्ती सभेचं (कॉन्टिनेंटल काँग्रेसचं) आरमार म्हणजे कॉन्टिनेंटल नेव्ही. मॅसॅच्युसेट्स, पेनसिल्व्हेनिया वगैरे राज्यांची स्वतःची छोटी आरमारं होती. तिसरी प्रायव्हेटियर, म्हणजे शत्रूची जहाजं पकडण्याचा सरकारी परवाना घेऊन फक्त त्याच कामासाठी निघालेली खासगी जहाजं. चौथी, मुळात मालवाहू जहाजं. वाटेत शिकार मिळाली तर ती धरता यावी म्हणून ती हा परवाना जवळ ठेवत. त्या परवान्याला लेटर ऑफ मार्क म्हणत आणि अशा जहाजांनाही तेच नाव पडलं होतं. त्यामुळे हे शब्द आले की कागदाबद्दल चाललंय की जहाजाबद्दल, ते संदर्भावरून ठरवा.

काँग्रेसने खासगी जहाजांना परवानगी दिली २३ मार्च १७७६ रोजी. मालकाला जामीनपत्र लिहून द्यावं लागे. १०० टनांपर्यंतच्या जहाजाला ५,००० डॉलर, त्याहून मोठ्याला १०,००० डॉलर. ही जामीनपत्रं कॉन्टिनेंटल काँग्रेसच्या कागदांत आहेत आणि नवख्याला याहून चांगली सुरुवात मिळणार नाही. जहाजाचं नाव, प्रकार, टनेज, तोफा, माणसं, कप्तान, मालक, जामीनदार हे सगळं एका पानावर मिळतं. काँग्रेसच्या परवान्यांवर निघालेली जहाजं सुमारे १,७०० होती. राज्यांनी आणि परदेशातल्या अमेरिकन प्रतिनिधींनी दिलेले परवाने त्यात नाहीत. म्हणून जामीनपत्र सापडलं नाही तर जहाज खोटं ठरत नाही. परवाना कोणी दिला, हे शोधा.

२. सारख्या नावांची यादी करा आणि एकेक नाव बाद करा

‘आल्फ्रेड’ घ्या. कॉन्टिनेंटल नेव्हीचं पहिलं मोठं जहाज आल्फ्रेड, ते मुळात फिलाडेल्फियाचं ‘ब्लॅक प्रिन्स’ नावाचं व्यापारी जहाज. सप्टेंबर १७८१ मध्ये चेसापीकच्या लढाईत लढलेलं आल्फ्रेड मात्र ब्रिटिशांचं ७४ तोफांचं जहाज, त्याचा या पहिल्याशी काही संबंध नाही. बरं, ‘ब्लॅक प्रिन्स’ शोधायला गेलात तर १७७९ मध्ये फ्रान्सच्या डंकर्कमधून निघालेलं तिसरंच जहाज समोर येतं. त्याला परवाना दिला होता पॅरिसमधल्या बेंजामिन फ्रँकलिनने.

उपाय सोपा आहे. त्या नावाची सापडतील तेवढी सगळी जहाजं स्प्रेडशीटमध्ये घाला आणि तुमच्या घटनेची तारीख व ठिकाण ज्यांना लागू पडत नाही ती एकेक करून खोडा. शेवटी दोन उरली तर दोन्ही ठेवा. घाईने एक निवडलं तर पुढचं सगळं काम त्या चुकीवर उभं राहतं.

हिज्जे हीही एक अडचण. त्या काळी कारकून कानावर पडेल तसं लिहीत. म्हैसूरच्या हैदर अलीच्या नावाचं एक अमेरिकन जहाज होतं. इंग्रजांना जेरीस आणणारा म्हणून त्याचं नाव फिलाडेल्फियात लोकप्रिय होतं. कागदांत ते ‘हायडर अ‍ॅली’सारख्या रूपांत येतं, मधल्या जोडरेघेसह आणि तिच्याशिवायही. प्रत्येक रूप वेगळं शोधावं लागतं.

३. झेंडा बदलल्याच्या तारखांची साखळी बांधा

हे काम सगळ्यांत जास्त फळ देतं, त्यामुळे इथे सावकाश चला. हॅनकॉकची साखळी अशी:

- १३ डिसेंबर १७७५: काँग्रेसने १३ फ्रिगेट (मध्यम आकाराच्या वेगवान युद्धनौका) बांधायचं ठरवलं. पाच ३२ तोफांची, पाच २८ तोफांची, तीन २४ तोफांची. हॅनकॉक पहिल्या पाचांतलं, बांधणी मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूबरीपोर्टला.
- जून १७७७: कप्तान जॉन मॅन्लीच्या हाताखाली, ‘बोस्टन’ या फ्रिगेटच्या जोडीने, ब्रिटिशांचं २८ तोफांचं ‘फॉक्स’ पकडलं.
- जुलै १७७७: ब्रिटिशांच्या ‘फ्लोरा’ने फॉक्स परत मिळवलं, आणि सर जॉर्ज कॉलियरच्या ४४ तोफांच्या ‘रेनबो’ने पाठलाग करून हॅनकॉक धरलं. मॅन्लीने जहाज हलकं करायला पुढच्या भागात साठवलेलं पाणी काढून टाकलं, त्याने जहाजाचा तोल बिघडला आणि वेग उलट घटला.
- त्यानंतर: ब्रिटिश आरमारात दाखल, नवं नाव ‘आयरिस’.
- ७ जून १७८०: कप्तान जेम्स हॉकरच्या हाताखाली ‘एर्मियोन’ या फ्रेंच फ्रिगेटशी लढाई, निकाल लागला नाही.
- ऑगस्ट १७८१: डेलावेअरच्या तोंडाशी आयरिसने ‘ट्रंबल’ हे अमेरिकन फ्रिगेट धरलं. मूळच्या १३ पैकी अमेरिकेकडे उरलेलं ते शेवटचं होतं.
- ११ सप्टेंबर १७८१: चेसापीकजवळ फ्रेंचांनी आयरिस पकडलं, सोबत ‘रिचमंड’ही.

ट्रंबल धरताना आयरिसच्या जोडीला ‘जनरल मंक’ होतं, तेही पकडलेलंच. मूळचं ते ‘जनरल वॉशिंग्टन’ नावाचं अमेरिकन प्रायव्हेटियर. म्हणजे शेवटचं फ्रिगेट धरणारी दोन्ही जहाजं अमेरिकेतच बांधलेली. पुढे ८ एप्रिल १७८२ रोजी डेलावेअरच्या खाडीत अमेरिकन कप्तान जोशुआ बार्नीने जनरल मंक परत जिंकलं, आणि तेही ‘हायडर अ‍ॅली’वरून. त्याला जुनं नाव पुन्हा मिळालं.

साखळीतला प्रत्येक दुवा म्हणजे कागदांचा नवा मालक. जुलै १७७७ पर्यंत हॅनकॉक अमेरिकन कागदांत, पुढे सप्टेंबर १७८१ पर्यंत क्यूमध्ये, त्यानंतर फ्रान्सच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या ‘मरीन’ विभागात. एकाच ठिकाणी शोधत बसलात तर जहाज मध्येच नाहीसं झाल्यासारखं वाटतं.

४. लॉगबुक वाचायला बसण्याआधी तारीख सुधारा

ब्रिटिश जहाजांच्या कप्तानांची लॉगबुकं (रोजच्या नोंदवह्या) ‘एडीएम ५१’मध्ये, मास्टरची, म्हणजे जहाज हाकण्याची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याची, ‘एडीएम ५२’मध्ये. दोन्ही मागवा. कप्तानाची नोंद बहुधा आटोपशीर असते, तर वारा, शिडं, दोर, दुरुस्ती यांचा तपशील मास्टरकडे जास्त मिळतो.

आता सगळ्यांत मोठा सापळा. जहाजावरचा दिवस दुपारी बाराला सुरू होई आणि आपल्या दिवसाच्या बारा तास पुढे असे. दुपारची नोंद आधी, सकाळची नंतर. ब्रिटिश आरमाराने ही पद्धत १८०५ मध्ये सोडली. म्हणजे आपल्या ५ सप्टेंबर १७८१ च्या दुपारी झालेली चेसापीकची लढाई लॉगमध्ये ६ सप्टेंबरच्या नोंदीत सापडते. नियम असा: लॉगमधली वेळ दुपारनंतरची किंवा मध्यरात्रीपर्यंतची असेल तर तारखेतून एक दिवस वजा करा, पहाटेची किंवा सकाळची असेल तर तारीख तशीच ठेवा. जहाज बंदरात उभं असताना काही जण साधी तारीख धरत, म्हणून प्रत्येक लॉगच्या दोनतीन नोंदी दुसऱ्या एखाद्या कागदाशी ताडून बघा. ट्रंबल धरल्याची तारीख कुठे ८ ऑगस्ट, कुठे ९ ऑगस्ट दिसते. घटना रात्रीची असली की असा फरक पडणारच.

दुसरा सापळा रेखांशाचा. ब्रिटिश लॉगमध्ये रेखांश ग्रिनिचपासून असेलच असं नाही. पुष्कळदा तो शेवटच्या दिसलेल्या भूशिरापासून मोजलेला असतो, रकान्याच्या डोक्यावर तसं लिहिलेलं असतं. फ्रेंच रेखांश पॅरिसपासून. पॅरिस ग्रिनिचच्या २ अंश २० कला पूर्वेला आहे, म्हणून पॅरिसच्या पश्चिमेला ७५ अंश म्हणजे ग्रिनिचच्या पश्चिमेला ७२ अंश ४० कला. ही वजाबाकी विसरलात तर चेसापीकच्या अक्षांशावर जहाज शंभराहून जास्त सागरी मैल चुकीच्या जागी पडतं. शिवाय त्या काळी समुद्रावर रेखांश बहुधा अंदाजानेच काढलेला असे. अक्षांशावर भरवसा ठेवा, रेखांशावर जपून.

वाऱ्याची दिशा म्हणजे वारा जिथून येतो ती. दिशा होकायंत्राच्या ३२ बिंदूंत लिहिलेल्या असतात, एक बिंदू म्हणजे सव्वाअकरा अंश, आणि त्या चुंबकीय असतात. वेगाच्या तक्त्यात तास, नॉट (तासाला एक सागरी मैल) आणि फॅदम असे अरुंद रकाने दिसतील. तिथला फॅदम हा नॉटचा अपूर्णांक आहे. खोली मोजताना येणारा फॅदम सहा फुटांचा. दोन्हींची गल्लत करू नका.

५. तोफा आणि टनेज: आकडे तसेच उचलू नका

‘३२ तोफांचं’ हा जहाजाचा दर्जा आहे, प्रत्यक्ष मोजणी नव्हे. १७७९ पासून ब्रिटिश जहाजांवर कॅरोनेड, म्हणजे आखूड नळीच्या, जवळून जबर मारा करणाऱ्या तोफा चढू लागल्या. त्या दर्जात धरल्या जात नसत. म्हणून दोन जहाजांचं बळ तोलताना तोफा किती यापेक्षा गोळा किती वजनाचा ते आधी बघा. फ्रेंच पौंड इंग्रजी पौंडापेक्षा जड होता. फ्रेंचांचा ३६ पौंडी गोळा इंग्रजी मापाने जवळजवळ ३९ पौंड भरतो.

टनेज म्हणजे वजन नव्हे, मापांवरून काढलेला आकडा. ब्रिटिश सूत्र: कण्याची (जहाजाच्या तळाच्या मुख्य लाकडाची) लांबी गुणिले रुंदी गुणिले अर्धी रुंदी, भागिले ९४, मापं फुटांत. कणा ११६ फूट आणि रुंदी ३५ फूट धरली तर ११६ × ३५ × १७.५ = ७१,०५०, आणि ९४ ने भागून साधारण ७५६ टन. कणा कसा धरायचा आणि कितीने भागायचं यात फरक असल्यामुळे तेच जहाज अमेरिकन कागदात वेगळ्या टनेजचं दिसू शकतं. थोड्या फरकावरून जहाज बाद करू नका. दुप्पट-तिप्पट फरक असेल तर मात्र ते दुसरं जहाज आहे.

प्रतिकृती बनवणाऱ्यांसाठी: पकडलेलं जहाज आवडलं तर ब्रिटिश गोदीत त्याची मापं घेऊन आराखडा काढत. हे आराखडे ग्रिनिचच्या नॅशनल मेरीटाइम म्युझियममध्ये आहेत. ‘रॅले’ या १३ पैकी एका फ्रिगेटचा आराखडा असाच टिकला. ज्या अमेरिकन जहाजांचे घरचे कागद उरले नाहीत, त्यांचा आकार शत्रूच्या हातून आपल्यापर्यंत आला आहे.

६. एकाच घटनेचे दोन लॉग समोरासमोर ठेवा

एका लॉगवरून लढाई लिहायची नाही, हा नियम कधीही मोडू नका. चेसापीकला ब्रिटिश अ‍ॅडमिरल ग्रेव्हजकडे १९ युद्धनौका होत्या, फ्रेंच अ‍ॅडमिरल द ग्रासकडे २४. ग्रेव्हजच्या ‘लंडन’ जहाजावर ‘रांग धरा’ आणि ‘जवळ जाऊन लढा’ या दोन इशाऱ्यांच्या झेंड्यांचा घोळ झाला आणि मागची तुकडी नीट लढाईत उतरलीच नाही. लंडनच्या लॉगप्रमाणे रांगेचा झेंडा साडेचारच्या आतच उतरवला होता. मागच्या तुकडीचा सेनानी हूड याच्या ‘बारफ्लर’वरच्या नोंदीप्रमाणे तो साडेपाचच्या सुमाराला उतरला. दोघांनाही आपली बाजू सांभाळायची होती. अशा वेळी दोघांच्या मधल्या, ज्यांना दोष लागण्याची भीती नव्हती अशा जहाजांचे लॉग काढा. प्रत्येक जहाजाचं घड्याळ थोडं वेगळं चाले, म्हणून आधी सगळ्यांनी नोंदलेली एखादी ठळक घटना, उदाहरणार्थ पहिली तोफ, शोधा आणि बाकीच्या वेळा तिच्यापासून मोजा.

पराभवानंतरचं कोर्टमार्शल हा आणखी एक चांगला साठा. तिथे कप्तानाबरोबर खालच्या हुद्द्यावरच्यांचेही जबाब असतात. हॅनकॉक गेल्यानंतर मॅन्लीची आणि बोस्टनच्या कप्तान मॅकनीलची अशी चौकशी झाली. मॅन्ली सुटला, मॅकनीलला बडतर्फ केलं.

७. खलाशी शोधायचा असेल तर

ब्रिटिश जहाजांचे हजेरीपट ‘एडीएम ३६’मध्ये आहेत. नावापुढची इंग्रजी अक्षरं जपून वाचा: एक ‘डी’ म्हणजे जहाजावरून कमी केला किंवा दुसरीकडे पाठवला, दोन ‘डी’ म्हणजे मेला, ‘आर’ म्हणजे पळाला. एका अक्षराच्या चुकीने जिवंत माणूस मेलेला ठरतो. पकडलेल्या अमेरिकन खलाशांची नावंही ब्रिटिश पटांतच मिळतात. न्यूयॉर्कजवळ वॉलाबाउटच्या खाडीत नांगरलेल्या ‘जर्सी’ या कैदी जहाजावरच्या सुमारे ८,००० जणांची नावं अशी टिकली आहेत.

८. पकडलेल्या जहाजाचा खटला शोधा

पकडलेलं जहाज कोर्टाने कायदेशीर लूट ठरवल्याशिवाय विकता येत नसे, म्हणून खटल्याचे कागद भरपूर आहेत. ब्रिटिशांनी पकडलेल्यांसाठी ‘एचसीए ३२’ पाहा. त्यात जप्त केलेली पत्रं, मालाच्या याद्या, खलाशांचे जबाब असतात. अमेरिकन बाजूला राज्यांची कोर्टं होती आणि त्यांच्यावर अपिलाची व्यवस्था. त्या अपिलांचे कागद अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

इथे जबाब वाचताना तासांकडे लक्ष द्या. शत्रूने धरलेलं जहाज परत सोडवलं तर सोडवणाऱ्याचा वाटा ते शत्रूच्या ताब्यात किती वेळ होतं यावर ठरे. काँग्रेसच्या नियमाप्रमाणे २४ तासांच्या आत असेल तर एक अष्टमांश, ४८ तासांपर्यंत एक पंचमांश, ९६ पर्यंत एक तृतीयांश, त्यापुढे निम्मा. साहजिकच मालक तास कमी सांगतो, सोडवणारा वाढवून सांगतो.

९. साधं मालवाहू जहाज असेल तर

लंडनचं ‘लॉइड्स लिस्ट’ मंगळवारी आणि शुक्रवारी निघे. जहाजं आली, गेली, बुडाली, धरली गेली, अशा त्रोटक बातम्या त्यात असतात. अंकावरची तारीख बातमी छापल्याची आहे, घटना कित्येक आठवडे आधीची असू शकते. ‘लॉइड्स रजिस्टर’मध्ये बांधणीची जागा, वय, टनेज आणि मालक मिळतात. मात्र जुनी माहिती पुढच्या वर्षी तशीच छापलेली आढळते, त्यामुळे रजिस्टरमध्ये नाव आहे म्हणून जहाज त्या वर्षी तरंगत होतंच असं धरू नका.

१०. माग हिंदी महासागराकडे वळला तर

फ्रान्स युद्धात उतरल्यावर लढाई आपल्या किनाऱ्यांपर्यंत आली. १७८२ ते १७८३ मध्ये फ्रेंच सेनानी सुफ्रेन आणि ब्रिटिश सेनानी सर एडवर्ड ह्यूज यांच्या आरमारांत पाच लढाया झाल्या. शेवटची कडलूरजवळ २० जून १७८३ ला. युरोपात तहाच्या प्राथमिक करारावर जानेवारीतच सह्या झाल्या होत्या, बातमी इथे उशिरा पोहोचली. १७८२ च्या शेवटी ह्यूज आपली मोडकी जहाजं दुरुस्तीला मुंबईच्या गोदीत घेऊन आला, कारण सुकी गोदी मुंबईलाच होती.

ब्रिटिश आरमाराच्या जहाजांचे लॉग इथेही ‘एडीएम ५१’ आणि ‘५२’मध्येच मिळतील. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या रोजनिशा मात्र ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. दुरुस्ती, लाकूड, धान्य, पैसा यांचा पत्रव्यवहार हवा असेल तर मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात मुंबई सरकारच्या त्या काळातल्या डायऱ्या पाहा. १७७७ मध्ये सँ ल्युबँ हा फ्रेंच वकील पुण्याला आला होता. त्याच्यामुळे मुंबईकर इंग्रज किती धास्तावले, तेही त्याच कागदांत दिसतं. मराठी बाजूसाठी पुण्याचं पेशवे दप्तर आहे, पण तिथे मोडी वाचता यायला हवी. मागणीपत्रावर जहाजाचं नाव लिहून उपयोग होत नाही. खातं, वर्ष आणि महिना लिहा, आणि पहिल्या मागणीत घटनेच्या आधीचा व नंतरचा महिनाही घ्या.